मुलगा वीस वर्षांचा, आई पुन्हा कामाच्या वाटेवर: आधी कोणते तास मोकळे करायचे?

तुमचं पत्र थोडक्यात असं आहे. तुम्ही चिंचवडला राहता. मुलगा वीस वर्षांचा, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आणि जोडीला आकडीचा त्रास. गोळ्या नियमित आहेत, तरी वर्षातून तीन-चारदा आकडी येतेच. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली, आता सोमवार ते शुक्रवार दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत जातो. सव्वादहाला बस नेते, सव्वाचारला आणून सोडते. यजमान चाकणच्या कंपनीत, तिन्ही पाळ्या फिरत्या. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, धाकटी मुलगी दहावीत. तुम्ही बी.कॉम., लग्नाआधी आणि नंतरही अकाउंट्समध्ये काम केलेलं, २०१२ मध्ये नोकरी सोडली. आता एका ओळखीच्या सीएंनी ऑफिसात बोलावलंय आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. दुसरीकडे मुलाच्या जुन्या शाळेतल्या बाई म्हणतात, विशेष मुलांना शिकवण्याचं बी.एड. स्पेशल करा, तुमच्याइतकं कोणाला कळणार? यजमान म्हणतात, आता कशाला? आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, हा स्वार्थीपणा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. त्यावर पानं भरवण्यात अर्थ नाही, कारण हा प्रश्न वडिलांनी विचारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

बाकीचं माझं मत असं. सीएंकडे जा, पण अर्धवेळ आणि जूनपासून. बी.एड. नको. आणि या दोन्हीच्या आधी, तुमच्याशिवाय चालणारे तास घरात तयार करा. विशेष शाळा सुटल्यावर पुढे काय, या प्रश्नावर पालकांबरोबर बसणं हेच माझं काम, दोन दशकांहून जास्त काळ. आईचं काम का सुटलं याची कारणं बघितली तर 'जमलं नाही', 'विसरायला झालं होतं' अशी फारशी नसतात. आई घरात नसताना मुलाचा दिवस चालेल, ही सोयच झालेली नसते. पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्या महिन्यात मुलाला ताप येतो, आणि तिसऱ्या महिन्यात आई राजीनामा देते. घरातले म्हणतात, बघ, सांगितलं होतं.

तर तास मोजू. कार्यशाळेचे सहा तास दिसतात, पण ते रोजचे नाहीत. वर्षाचे २६० कामाचे दिवस धरा. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, गणपती, बाकीचे सणवार काढले की बहुतेक कार्यशाळांचे दोनशे ते दोनशे दहा दिवस उरतात. त्यातही राखीपासून दिवाळीपर्यंत तिथे पणत्या, उटणं, पाकिटं यांची धांदल असते, तेव्हा हजेरी चांगली लागते आणि मुलंही खूश असतात. इतर महिन्यांत दुपारी बाराला फोन येतो, 'आज त्याचं काही ठीक वाटत नाही, घेऊन जाता का?' हा फोन कोणाला जातो, ते बघा. कार्यशाळेच्या नोंदीत एकच नंबर असेल आणि तो तुमचा असेल, तर तुम्ही कामावर असूनही घरीच आहात. पहिल्याच आठवड्यात तिथे दुसरा आणि तिसरा नंबर लिहून द्या, आणि कार्यशाळेतल्या बाईंना स्पष्ट सांगा की मंगळवार-गुरुवारी आधी वडिलांना फोन करायचा.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही अडचण म्हणून लिहिली आहे: यजमानांच्या फिरत्या पाळ्या. कागद घेऊन तीन आठवड्यांचा तक्ता मांडा. पहिल्या पाळीला ते तीनला सुटतात, चाकणची वाहतूक धरूनही चारच्या सुमाराला घरी असतात. सव्वाचारची बस ते उतरवून घेऊ शकतात. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी झोपतात, पण दुपारी दोननंतर जागे असतात, म्हणजे बस तेव्हाही त्यांची. राहिली दुसरी पाळी. त्या आठवड्यात ते दुपारी दोनला निघतात, पण सकाळी पूर्ण मोकळे असतात: मुलाचं उठणं, अंघोळ, दाढी, नाश्ता, बसमध्ये बसवणं. म्हणजे तीनपैकी दोन आठवडे संध्याकाळी वडील आहेत आणि एक आठवडा सकाळी. खरं भगदाड आहे ते फक्त दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातलं, दुपारी चार ते सात. एवढ्यासाठी माणूस शोधायचा आहे.

हा तक्ता यजमानांसमोर ठेवायचा तो 'मला मदत करा' म्हणून नव्हे. मदत म्हटली की ती मागावी लागते आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. सरळ वाटणी करा. वीस वर्षांच्या मुलाची अंघोळ आणि दाढी हे तसंही आता वडिलांकडे किंवा एखाद्या दादाकडे, म्हणजे पगारी मदतनिसाकडे, जायला हवं. बऱ्याच घरांत आई अजून अंघोळ घालत असते, कारण 'त्याला माझीच सवय'. मुलगा मोठा झालाय, त्याच्या शरीराला आता आडोसा हवा, तो त्याला मागता येत नाही म्हणून गरज नाही असं होत नाही. आधी पंधरा दिवस वडिलांनी दाराशी थांबून फक्त सूचना द्यायच्या, तुम्ही स्वयंपाकघरात. 'साबण पायाला. आता पाठ. आता तांब्या.' त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. ज्या दिवशी डोक्यावरचा फेस तसाच राहील त्या दिवशी आत धावू नका. फेसाने काही होत नाही.

चार ते सातसाठी माणूस पुरुष हवा, धडधाकट हवा, कारण आकडीत वीस वर्षांचा मुलगा सावरणं सासूबाईंना शक्य नाही. नर्सिंग ब्युरोकडून येणारी माणसं रुग्णसेवेला सरावलेली असतात, खाटेवरच्या आजोबांना छान सांभाळतात, पण चालत्या-फिरत्या तरुण मुलाबरोबर काय करायचं हे त्यांना सुचत नाही, मग मोबाइल निघतो. माझा अनुभव असा की कार्यशाळेतले मदतनीस, बसवरचे अटेंडंट, शाळेतले जुने शिपाई हे जास्त उपयोगी पडतात. मुलगा त्यांना ओळखतो आणि तेही घाबरत नाहीत. गरज तीनपैकी एकाच आठवड्याची असली तरी माणूस दर आठवड्याला निदान तीन दिवस येऊ दे. महिन्यातून एकदा उगवणाऱ्या माणसाला मुलगा दर वेळी नवाच समजेल. पहिला महिना तुम्ही घरात असताना, मग तुम्ही गच्चीत, मग कोपऱ्यावरच्या दुकानात, मग तीन तास बाहेर. सासूबाईंचं काम अंगमेहनतीचं नाही, नजर ठेवायचं आहे, आणि ते त्या कोणापेक्षाही चांगलं करतील. दार आतून लावायचं नाही, न सांगता तुम्ही किंवा शेजारीण कधीही डोकावू शकते, हे पहिल्या दिवशी हसत-हसत सांगून ठेवा. पुढे सांगणं अवघड होतं.

एक वही करा. दोनशे पानी नको, चार पानं पुरेत, पण ती फ्रिजवर टांगलेली असू दे. पहिल्या पानावर औषधं, वेळा, डोस, न्यूरॉलॉजिस्टचा नंबर. दुसऱ्यावर त्याची भाषा. प्रत्येक घरात असते. एका घरातला मुलगा 'गाडी, गाडी' म्हणाला की त्याला शौचाला जायचं असतं, आणि नवीन माणूस त्याला खिडकीशी नेऊन गाड्या दाखवत बसला होता. पुढचं सांगायला नको. तिसऱ्या पानावर काय केलं की तो चिडतो आणि काय केलं की निवळतो. चौथं पान आकडीचं, मोठ्या अक्षरांत: घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका (सासूबाईंनाही वाचून दाखवा, आणि न दुखावता). डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे आहे आणि किती मारायचा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर १०८. मग आईला फोन. हा क्रम मुद्दाम असाच ठेवा, आधी १०८ आणि मग आई. चाकणमधल्या किंवा सीएंच्या ऑफिसातल्या माणसाला फोन लावण्यात पहिली मिनिटं गेली तर उपयोग नसतो.

कामाला लागण्याच्या आधी न्यूरॉलॉजिस्टकडे एक ठरवून भेट घ्या. औषध बदलायचं असेल तर आत्ता बदलू दे, जूनमध्ये नको. नवी गोळी, नवा माणूस आणि आईचं बाहेर जाणं हे तिन्ही एका महिन्यात आलं आणि आकड्या वाढल्या, तर कशामुळे वाढल्या हे कोणालाच कळणार नाही. दोष मात्र नोकरीला लागेल.

मुलाला काय सांगायचं, हे पत्रात तुम्ही लिहिलेलंच नाही. त्याचा दिवस बदलतोय, तेव्हा त्याला आधी कळायला हवं. भिंतीवर आठवड्याचा तक्ता, बसचं चित्र, दादाचा फोटो, तुमची ऑफिसची पर्स घेतलेला फोटो. रोज सकाळी त्याने स्वतः त्या दिवसाचं चित्र लावायचं. घरातून निघताना त्याला सांगून निघा, रडला तरी. तो टीव्ही बघतोय तोवर गुपचूप सटकणाऱ्या आया मी खूप बघितल्या; त्या घरातला मुलगा मग दिवसभर दाराकडे बघत बसतो, कारण आई कधी नाहीशी होईल याचा भरवसा उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो जास्त त्रास देईल, जेवण टाकेल, कपडे फाडेल कदाचित. ते अपेक्षितच आहे. त्या आठवड्यात माघार घेतली तर तो एक गोष्ट पक्की शिकेल: कपडे फाडले की आई परत येते.

आता बी.एड.बद्दल, कारण यावर तुमच्याशी प्रेमाने बोलणारे सगळे लोक तुम्हाला तिकडेच ढकलणार आहेत. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतूनच करावा लागतो, तरच परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं आणि विशेष शिक्षिका म्हणून अधिकृतपणे काम करता येतं. हजेरी, पाठ, प्रत्यक्ष शाळेतली प्रात्यक्षिकं, सगळं असतं; घरबसल्या उरकायची गोष्ट नाही. पुढे खासगी संस्थेत पगार बेताचा. आकर्षण एकच असतं, शाळेची वेळ आणि मुलाच्या कार्यशाळेची वेळ जुळते. पण सुट्ट्याही जुळतात आणि दमणूकही. सकाळी दुसऱ्यांच्या मुलांची दाढी-अंघोळ शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन तेच.

काही आया त्यात फुलल्या आहेत, हे मी नाकारत नाही. महाराष्ट्रातल्या विशेष शाळांचं आणि पालक संस्थांचं बरंचसं काम अशा पालकांनीच उभं केलंय. डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल असो की बदलापूरचं आधार, ती पालकांनी उभारलेली घरं आहेत. पण त्यांना ते काम करावंसं वाटत होतं म्हणून त्यांनी केलं. तुमच्या पत्रात बी.एड.बद्दल दोन ओळी आहेत आणि त्या दोन्ही जुन्या शाळेतल्या बाईंच्या आहेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र तुम्ही पाऊण पान लिहिलंय, जुन्या ऑफिसात ताळेबंद जुळला की काय वाटायचं तेही लिहिलंय. मला यातून जे समजायचं ते समजलं. तरीही मनात शंका राहिली तर फी भरण्याआधी एखाद्या विशेष शाळेत काही महिने आठवड्यातून दोन सकाळी फुकट काम करून बघा. आपल्या मुलासाठी असलेली चिकाटी दुसऱ्याच्या मुलासाठी असेलच असं नाही, आणि नसली तर त्यात कमीपणा नाही.

अकाउंट्सकडे वळताना २०१२ चं ज्ञान किती उरलंय ते प्रामाणिकपणे बघा. तुम्ही सोडलंत तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या दरांचे टप्पेही बदलले. टॅलीचं रूप बदललं, बँकेचं स्टेटमेंट आता सरळ आत ओढता येतं. पण जमा-नावे तेच आहे. दोन-तीन महिन्यांचा एखादा अभ्यासक्रम आणि सीएंच्या ऑफिसातल्या जुन्या फायलींवर हात बसवणं एवढं पुरेल. प्रमाणपत्रांच्या मागे लागून वर्ष घालवू नका.

या कामाचा एक गुण असा की त्याच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं विक्रीचं विवरण म्हणजे जीएसटीआर-१, वीसला कर भरायचं ३बी. ३१ मे ला टीडीएसचं तिमाही विवरण, जुलैअखेर आयकर विवरणपत्रं, ३० सप्टेंबरला लेखापरीक्षण. या तारखा आणि कार्यशाळेचं वार्षिक वेळापत्रक एकाच कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनाने लिहून काढा, घासाघीस कुठे होणार ते लगेच दिसेल. मे महिना वाईट आहे, कारण कार्यशाळा बंद आणि टीडीएसचं विवरण तोंडावर. सप्टेंबरात गणपती आणि ऑडिट. दर महिन्याला अकरा ते वीस हा पट्टा नाजूक, त्या दिवसांत दादाने सुट्टी घ्यायची नाही हे त्याच्याशी ठरवून घ्या, आणि त्या बदल्यात एकवीस ते पंचवीसमध्ये त्याला हवी ती सुट्टी द्या.

मे महिन्यावर पालकांनी शोधलेला एक उपाय चांगला चालतो. तीन-चार घरं मिळून एक दादा ठेवतात, आळीपाळीने एकेका घरी मुलं जमतात, दहा ते दोन. तुमच्या बसमध्येच अशी दोन घरं निघतील. अट एकच, पैसे आणि जेवण आधी लिहून ठरवायचं. 'अहो, एवढं काय त्यात' म्हणून सुरू झालेले असे गट दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या घरी किती पोळ्या लागल्या यावरून मोडतात.

पुढे जाऊन ऑफिसपेक्षा सोयीची वाट तुमच्या भागातल्या गृहनिर्माण सोसायट्यांची आहे. देखभालीची बिलं, पावत्या, बँक जुळणी, वर्षअखेरीची पत्रकं. चिंचवड-वाकडला सोसायट्यांची कमी नाही, आणि सोसायटीच्या हिशेबाला नीट बसून काम करणारं माणूस सेक्रेटरी शोधतच असतात. हे काम रात्री दहाला, मुलगा झोपल्यावरही करता येतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत असते, त्यामुळे एप्रिल ते जुलै दाटी, बाकी निवांत. पण सुरुवात घरातून करू नका, हे माझं ठाम मत. चौदा वर्षांनंतर पहिली दोन वर्षं तुम्हाला माणसांत बसायची गरज आहे, चुका दाखवणारा कोणीतरी शेजारच्या टेबलाशी असायला हवा. शिवाय घरातून काम करणारी आई घरच्यांच्या नजरेत घरातच असते. दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळे तुम्हालाच हाक मारतील.

यजमानांचा हिशेब असा असणार: पगार पंधरा-अठरा हजार, त्यातला निम्मा दादाला, रिक्षा, डबा, मग हाती काय? पहिलं वर्ष हाती फारसं काही राहणार नाही, हे आधीच कबूल करून टाका, म्हणजे वाद लवकर संपतो. पण दादाचा पगार तुमच्या पगारातून वजा करायची पद्धत मला मान्य नाही. मुलगा दोघांचा आहे, दादाचा खर्च घरखर्चात धरायचा. आणि दादा हा फक्त तुमच्या नोकरीसाठी नाहीच. उद्या तुम्हाला पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं तर मुलाला अंघोळ कोण घालणार, याचं आजचं उत्तर काय आहे तुमच्या घरात?

स्वतःच्या उत्पन्नाचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. कमाई नसलेल्या गृहिणीला विमा कंपन्या मोठ्या रकमेचा मुदत विमा द्यायला सहसा तयार नसतात. आयकर विवरणपत्रं मागतात. दोन-तीन वर्षं तुमची विवरणपत्रं भरली गेली की तुमच्या नावावर तो मिळणं सोपं होईल. तुम्ही गेलात तर या घरात तीन माणसांचं काम विकत घ्यावं लागणार आहे.

सीएंचं ऑफिस लहान असेल तर तिथे प्रॉव्हिडंट फंड लागू नसेल, वीस माणसांची अट असते. पण यजमानांचा आहे ना, मग त्यांच्या खात्यात आजच डोकावा. फंडाला जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेत सभासदाच्या पश्चात कायमस्वरूपी आणि पूर्णतः अपंग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन मिळतं. मुलाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात आहे का, जन्मतारीख आधारशी जुळते का, हे ऑनलाइन नामनिर्देशनात बघून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि मी विचारते तेव्हा दहापैकी फार थोड्या घरांत झालेलं असतं. आयकरातली ८० डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट, अक्षमता किमान ४० टक्के असेल तर ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपये, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ती यजमान घेतात का आणि त्यांना जुनी प्रणाली परवडते का, हे आता तुम्हीच काढून द्या. हात बसवायला तेवढाच सराव.

कागदपत्रांची कामं जूनच्या आधी उरका, कारण ती सगळी ऑफिसच्या वेळेतच होतात. मुलगा अठरा पूर्ण झाला तेव्हाच तुम्ही दोघं आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहिला नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. बँक, मालमत्ता, पुढे वडिलांची पेन्शन, सगळीकडे ते प्रमाणपत्र मागतात. (एखाद्या मुलाला आधार दिला तर स्वतःचे निर्णय घेता येत असतील, तर संपूर्ण पालकत्वाची घाई करू नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ठरावीक बाबीपुरत्या, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यायच्या मर्यादित पालकत्वाची सोय देतो. तुमच्या मुलाबाबत कार्यशाळेच्या मानसशास्त्रज्ञांशी बोलून ठरवा.) यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर ते आधी. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते, बाह्यरुग्ण तपासण्या आणि थेरपीही त्यात येतात. तिचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं आणि तेच लोक विसरतात.

मुलीबद्दल एकच. ती दहावीत आहे म्हणून नव्हे, ती बहीण आहे म्हणून तिचं नाव त्या तीन आठवड्यांच्या तक्त्यात कुठेही लिहू नका. ती आपणहून भावाबरोबर बसेल, बसू दे. पण 'साडेचार ते पाच, ताई' अशी ओळ एकदा लिहिली गेली की ती ओळ तिच्या लग्नापर्यंत पुसली जात नाही.

आता सीएंना काय सांगायचं. खासगी नोकरीत तुमच्यासारख्या आईला वेगळी रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि दिव्यांग अपत्यासाठी वयाची अट नसते, पण ती त्यांना. तुमच्या वाट्याला जे येईल ते बोलून ठरवलेलंच असेल, म्हणून पहिल्या भेटीतच बोला. मुलाची सगळी कहाणी सांगू नका, सहानुभूतीवर मिळालेलं काम सहानुभूती संपली की संपतं. एवढंच सांगा: 'मुलाची जबाबदारी आहे, तिची व्यवस्था लावलेली आहे. आठवड्यातून तीन दिवस, साडेदहा ते साडेतीन येईन. अकरा ते वीस तारखेच्या दरम्यान गरज पडली तर चौथा दिवसही येईन. मे महिन्यात काम घरून करीन. वर्षातून तीन-चार वेळा असं होईल की मला अर्ध्या तासाच्या सूचनेवर निघावं लागेल, राहिलेलं काम त्याच रात्री पूर्ण करून पाठवीन.' निघून जाण्याबद्दलचं वाक्य गाळू नका. ते आधी सांगितलं तर अट ठरते, नंतर सांगितलं तर सबब.

महिनाअखेरपर्यंत त्यांना हो किंवा नाही हवं आहे. 'हो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून' हेही हो आहे. कार्यशाळा सुट्टीनंतर उघडून आठवडा झालेला असेल, मुलगा रुळलेला असेल. तोवर मिळणाऱ्या वेळात दादा शोधणं, अंघोळ वडिलांकडे देणं आणि टॅली हातात आणणं होऊन जाईल. ते नाही म्हणाले आणि 'आत्ताच, पूर्ण वेळ या' असा आग्रह धरला, तर ती जागा सोडा. पिंपरी-चिंचवडमध्ये जीएसटीची विवरणपत्रं भरायला माणूस हवं असलेलं ते एकमेव ऑफिस नाही, आणि जूनपर्यंत तुमचं घर तयार झालेलं असेल तर पुढच्या ऑफिसात तुम्ही याच अटी जास्त ठामपणे सांगाल.